पावतीचे वीस नकार

तिला ‘पावती’ हे नाव मी ठेवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ते आमच्या फिटरचं काम. पण इतकं चपखल बसलं की तिचं खरं नाव आता फक्त हजेरीपत्रकावर उरलं आहे.

आमच्या केंद्रात आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू वापरायला मिळतात. चाकाच्या खुर्च्या, वर-खाली होणारे पलंग, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या. घेऊन जा, वापरा, माणूस बरा झाला की परत आणा. नाही बरा झाला तरी परत आणा. पुढे दोन खोल्या, मागे लांबट शेड, शेडमध्ये फिटर आणि त्याच्या ऑइलचा वास. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, आणि घरात बसून पडद्यांच्या चुण्या मोजायची पाळी आली तेव्हा इथे येऊ लागले. आधी आठवड्यातून दोन दिवस. आता पाच.

पावती माझ्याही आधीची. अठरा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली ती पलंग परत करायला. सासऱ्यांसाठी नेलेला. सासरे गेले आणि पंधरवड्यात ही हातगाडीवर पलंग घालून दारात उभी. काउंटरवर तेव्हा एक आजोबा बसत. ते म्हणाले, “ठेवा मागे शेडमध्ये.”

“लिहून घ्या.”

“अहो, लिहायचं काय त्यात? पलंग आला, दिसतोय की.”

“आज दिसतोय. उद्या कुणी म्हणालं की आमच्याकडून आलाच नाही, तर? मला पावती द्या.”

आजोबांकडे पावती नव्हती. पलंग कुणाकडे गेला होता त्याचीही नोंद नव्हती. तिथेच जागा अडवून, हातगाडीवाल्याला थांबवून, ती तासभर उभी राहिली. शेवटी आमचे अध्यक्ष आले. हाडांचे डॉक्टर, तेव्हा अजून दवाखाना चालवायचे. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिलं, ‘पलंग एक, मिळाला’, आणि वर विचारलं, “बाई, तुम्ही काय करता?”

“गोदामात मालाच्या नोंदी टाइप करते.”

“सोमवारपासून इथे येता का?”

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण डॉक्टरांनी इतक्यांदा सांगितलंय की त्या हातगाडीचं चाक करकरायचं हेही मला पाठ झालंय. ती चिठ्ठी अजून तिच्या खणात आहे.

पहिल्या वर्षात तिने डेटाबेस उभा केला. त्याचा बाऊ करायचं कारण नाही. तीन तक्ते. एकात माणसं, एकात वस्तू, एकात देवघेव. देवघेवीच्या तक्त्यात नाव-पत्ता पुन्हा लिहीत नाहीत, नुसता माणसाचा आणि वस्तूचा क्रमांक लिहितात, आणि क्रमांकांवरून तिन्ही तक्ते एकमेकांचा हात धरून असतात. माणसाचा पत्ता बदलला तर एकाच जागी बदलायचा. वस्तूला तिने एक अक्षर आणि एक आकडा दिला. च-१४ म्हणजे चौदावी चाकाची खुर्ची. प-६ म्हणजे सहावा पलंग. फिटरने ते प्रत्येक वस्तूवर पिवळ्या रंगाने रंगवले. आज तुम्ही विचारलंत की च-१४ आजवर किती घरांत गेली, तर ती सांगते, एकसष्ट. कुठल्या घरात तिचा ब्रेक तुटला, तेही सांगते. म्हणजे मशीन सांगतं, पण मशीनने तोंड उघडायच्या आत हिने सांगितलेलं असतं.

घरीही तोच कारभार. नवरा दातांच्या कवळ्या बनवतो, घरातल्याच एका खोलीत, आणि कुठली कवळी कुणाची याच्या चिठ्ठ्या हिच्या अक्षरात. सासूबाई ऐंशीच्या, चालतात आमच्या व-३१ क्रमांकाच्या वॉकरवर. दर तीन महिन्यांनी मुदत वाढवून घ्यायचा नियम आहे. सून सासूसमोर फॉर्म ठेवते आणि सही घेते. मला सासूबाई एकदा म्हणाल्या, “बाई, नातवंड झालं तेव्हा हिने दवाखान्यातून बाळ घेताना सही दिली, आणि मला घरी आणून देताना माझी सही घेतली. खोटं वाटत असेल तर विचारा.” मी विचारलं नाही. खरं निघालं असतं.

तर ही झाली पावती. आता याच वर्षीची गोष्ट.

शहरातल्या दोन मोठ्या इस्पितळांनी त्यांच्या आवारात आमचं एकेक काउंटर सुरू करू दिलं. चांगलं झालं. पण डेटाबेस आमच्या पुढच्या खोलीतल्या मशीनवर, आणि तो बघता येणार फक्त पावतीला, तिच्या त्या काळ्या पडद्यावर. इस्पितळातला माणूस फोन करी, “हवेची गादी आहे का?” फोन व्यग्र. नातेवाईक ताटकळत. दोनदा असं झालं की वस्तू शेडमध्ये पडलेली आणि माणूस रिकाम्या हाताने घरी. डॉक्टर म्हणाले, हे वेबवर यायला हवं.

आमचे चिटणीस एका कारखान्यात व्यवस्थापक होते. सरळ माणूस, पण सगळं जग म्हणजे असेम्ब्ली लाइन. त्यांनी एक तयार सॉफ्टवेअर शोधून आणलं. चकचकीत. त्यात एक अट होती. वस्तूंना नवे क्रमांक द्यायचे, सहा आकडी, आणि जुन्या नोंदी आत येणार नाहीत. फक्त आज कोणाकडे काय आहे तेवढंच.

“अठरा वर्षांपूर्वी कुबड्या कुणी नेल्या होत्या याच्याशी आज कुणाला कर्तव्य आहे?” चिटणीस म्हणाले.

पावती उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नाही, चहाचे कप मोजते. म्हणाली, “मला तीन महिने द्या. आपलाच डेटाबेस मी वेबला जोडून दाखवते.”

“तुम्ही? शिकलात कुठे?”

“शिकते आहे.”

“हे बघा,” चिटणीस हसून म्हणाले, “घरी विणलेल्या स्वेटरची एक बाही नेहमी लांब असते.”

“पण तो अंगात घालणाऱ्याच्या मापाचा असतो,” मी मध्येच म्हणाले. मला राहवत नाही. ठरलं असं की तीन महिन्यांनी एक आठवडा तिन्ही काउंटरांवर तिचं काम चालवून बघायचं, सोमवार ते शुक्रवार. त्या आठवड्यात दोनदा बंद पडलं तर विषय संपला. तयार सॉफ्टवेअर येईल आणि तिचे तीन तक्ते एका डिस्कवर भरून कपाटात जातील.

सभेनंतर शेडच्या दारात ती मला म्हणाली, “बाई, ते तक्ते गेले तर मी इथे नुसती खुर्ची उबवणार.” एवढंच. रडली-बिडली नाही. पण कप मोजायला विसरली, त्यावरून समजा.

मग सुरू झाली शिकवणी. वय त्रेपन्न. सकाळी साडेपाचला उठून मोबाइलवरच्या एका मास्तरांचे धडे. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी लॅपटॉप, समोर सासूबाई मटार सोलत. मी एका रविवारी सकाळी गेले तर सासूबाईंनीच दार उघडलं.

“या. हिचं मायग्रेशन अडकलंय परवापासून. धड जेवत नाही.”

“म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला?”

“न कळायला काय झालं? तो मास्तर रोज दोन तास तेच सांगतो. तक्त्याचा आकार बदलायचा असेल तर आधी काय बदलणार ते लिहून काढायचं, मग बदलायचं. आम्ही संसारात उलटं केलं. आधी बदललं, मग काय झालं ते बघत बसलो.”

मला तिने त्या दिवशी समजावून सांगितलं ते असं. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. दारं, जिने, पाट्या सगळं असतं. पण त्याला माहिती कुठून आणायची ते ठाऊक नसतं. ते एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. डेटाबेस कुठल्या मशीनवर, कुठल्या दाराने आत जायचं, डेटाबेसचं नाव, वापरणाऱ्याचं नाव, पासवर्ड. पाच ओळी. पाच ओळींना तिला अकरा दिवस लागले, कारण पासवर्ड तिला आठवेना. काळा पडदा तो कधी विचारत नसे. तो तिने अठरा वर्षांपूर्वी पाकिटात सील करून डॉक्टरांच्या कपाटात ठेवला होता. डॉक्टरांनी कपाट दोनदा बदललं होतं. ते म्हणाले, “असं काही पाकीट माझ्याकडे नाही.” हिने त्यांच्या सहीची पोच काढून दाखवली. पाकीट सापडलं, हाडांच्या एका जुन्या तक्त्यामागे.

पासवर्ड मिळाल्यावर ज्या सकाळी पहिल्यांदा पानावर च-१४ उमटली, त्या सकाळी तिने मला सहा वाजता फोन केला. “बाई, दिसली.” मी विचारलं, कोण दिसली? आमच्या वयात सकाळी सहाच्या फोनने काळजात धस्स होतं, हे या लोकांना कळत नाही.

पुढची अडचण खरी होती. त्या फ्रेमवर्कला प्रत्येक वस्तूची ओळख एकाच आकड्यात हवी. हिची ओळख दोन भागांत, अक्षर आणि आकडा. फ्रेमवर्कचं म्हणणं, नवा आकडा द्या, जुनं मी विसरतो. मास्तरांचंही म्हणणं तेच. आठवडाभर ती घुटमळली. शेवटी तिच्या नवऱ्याने हातातली कवळी घासता घासता निकाल दिला. तो महिन्यातून एकदा बोलतो. म्हणाला, “जबडा जसा असेल तशी कवळी करायची. कवळी बसावी म्हणून जबडा तासत नाहीत.”

म्हणून तिने बाकी सगळं फ्रेमवर्कवर सोपवलं आणि वस्तू शोधायचं काम तेवढं स्वतःच्या हाताने लिहिलं. डेटाबेसशी बोलायला कनेक्शन लागतं. दर वेळी नवं उघडायला वेळ जातो, म्हणून तिने वीस कनेक्शनं आधीच उघडून एका जागी ठेवली. ज्या प्रश्नाला लागेल त्याने एक घ्यायचं, उत्तर मिळालं की परत ठेवायचं.

“म्हणजे आपलंच केंद्र झालं की,” मी म्हणाले.

“तसंच. फक्त इथे पावती लागत नाही.” यावर तिलाच हसू आलं. पण हसून झाल्यावर तिने आणखी एक तक्ता केलाच. मशीनला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाची नोंद. किती वाजता, कुठल्या काउंटरवरून, काय विचारलं, काय उत्तर गेलं. म्हटलं ना, स्वभावाला औषध नाही.

आठवडा उजाडला. सोमवारी नऊला तिन्ही काउंटर सुरू. इस्पितळातली मंडळी खूश. फोन गप्प, शेडमधून वस्तू पटापट निघत होत्या. फिटर म्हणाला, “ताई, आता मला जेवायलाही मशीन बोलावणार का?” चिटणीस एका स्टुलावर मनगटावरचं घड्याळ बघत बसले होते. आठवडाभर बसणार होते. बारा वाजून पाच मिनिटांनी पान फिरत राहिलं. फिरतंय, फिरतंय. दोन्ही इस्पितळांतून फोन आले. पावतीने सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. लगेच चालू.

“एक,” चिटणीस म्हणाले. कुत्सितपणे नाही. कारखान्यात मोजतात तसं.

कारण सापडेना. मशीनची मेमरी बघितली, इंटरनेट बघितलं, गर्दीची वेळ होती का ते बघितलं. नव्हती. मंगळवारी दिवसभर काही झालं नाही. संध्याकाळी सहाला ती नेहमीप्रमाणे मशीन बंद करून घरी गेली, कारण वीज वाया घालवणं तिच्या रक्तात नाही. मंगळवार नीट गेला म्हणून माझ्या मते आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, “बाई, न कळता चांगलं चाललंय, त्याचीच जास्त भीती वाटते.”

बुधवारी दुपारी तीन वाजता ती त्या नोंदींचा तक्ता उघडून बसली होती, सोमवारच्या. मी शेजारी. ती वेळा बघत होती, कुठल्या काउंटरवरून किती, दोन प्रश्नांत किती अंतर. अर्धा तास हेच. माझा संयम संपला.

“उत्तरं बघ की! ‘आहे’ किती आणि ‘नाही’ किती, वेगळं मोजलंस का?”

“त्याने काय होणार?”

“काय होणार ते मोजल्यावर कळतं. आधी कळलं असतं तर माझा विषय कशाला लागला असता? मोज.”

तिने एक ओळ टाइप केली. सोमवारी बंद पडेपर्यंत ‘आहे’ एक्काहत्तर. ‘नाही’ वीस.

“मंगळवार?”

‘नाही’ चौदा. बंद पडलं नव्हतं.

ती वीसच्या आकड्याकडे बघत राहिली. मग स्वतः लिहिलेला तो कागद, म्हणजे फाइल, उघडली. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण तिचं बोट कळलं. बोट वरून खाली आलं आणि एका ओळीवर थांबलं.

“इथे कनेक्शन घेतलं. इथे शोधलं. वस्तू नसली तर इथूनच ‘नाही’ सांगून बाहेर. आणि कनेक्शन परत ठेवायची ओळ त्याच्या खाली आहे. तिथवर कुणी पोहोचतच नाही.”

वस्तू असली की कनेक्शन परत. नसली की ते तसंच हवेत. वीस नकार झाले की वीसही गेली, एकविसावा प्रश्न दारात उभा. संध्याकाळी मशीन बंद केलं की वीसही परत जागेवर, म्हणून मोजणी रोज शून्यापासून.

“मग तीन महिने हे तुला दिसलं कसं नाही?”

“मी कधी ‘नाही’ विचारलंच नाही हो, बाई. मला माहीत असतं ना काय आहे ते. मी च-१४ शोधायची, प-६ शोधायची. नसलेली वस्तू मी कशाला शोधू?”

अठरा वर्षं सगळं तोंडपाठ असण्याचा हा एक तोटा. तेवढ्यात मला सुचलं. “आजचे ‘नाही’ किती झाले?”

तिने बघितलं. अठरा.

म्हणजे आणखी दोन नकार, आणि चिटणीस “दोन” म्हणणार. ते समोर स्टुलावरच होते, वर्तमानपत्र वाचत. तिने फोन उचलला आणि दोन्ही इस्पितळांत एकच सांगितलं, “पंधरा मिनिटं मशीनला काही विचारू नका. मला विचारा, मी तोंडी सांगते.” आणि सांगितलंही. एका हाताने टाइप करत, फोन खांद्यात धरून, “कुबड्यांच्या तीन जोड्या आहेत, लहान मापाची एक. वॉकर व-१२ आजच आलाय, रबर बदलायचंय.” मशीनपेक्षा वेगात.

नेमका तेव्हाच एक गृहस्थ आत आला. बायकोसाठी हवेची गादी हवी होती. पाठीला जखमा होऊ लागल्या होत्या. एकही गादी शिल्लक नव्हती, हे पावतीला मशीनला न विचारता माहीत होतं. तिने मान हलवली, आणि उठली.

मी म्हणाले, “अगं, बस खाली! ती ओळ आधी!”

ती बसली नाही. त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली. पत्ता घेतला, बायकोला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची हे सांगितलं, उशा कुठे ठेवायच्या हे हाताने दाखवलं, ह-९ शुक्रवारी परत यायची आहे, मी स्वतः फोन करीन म्हणून चिठ्ठी लिहून दिली. चार मिनिटं गेली असतील.

फिटर शेडच्या दारात हात पुसत उभा होता. त्याने काउंटरकडे बोट दाखवलं. “बघा बाई. ताईंचं मशीन ताईंवरच गेलंय.”

काउंटरवर आवकजावकीचं रजिस्टर सताड उघडं पडलं होतं, पेनाचं टोपण बाजूला. हे रोजचं. वस्तू दिली की ती नोंद करते, सही घेते, रजिस्टर मिटते. वस्तू नसली की माणसाला दारापर्यंत पोहोचवायला उठते आणि रजिस्टर तसंच राहतं. कितीदा तरी मी ओरडले असेन, रजिस्टर मिट, पंख्याने पानं फाटतात. पावतीबाईंनी फाइलही तशीच लिहिली होती. नकार देऊन त्या सरळ दाराकडे गेल्या होत्या.

ती परत आली आणि दुरुस्ती केली. त्या भाषेत एक सोय असते म्हणे, वाटेत काहीही होवो, शेवटी हे काम करायचंच असं सांगायची. तिथे तिने परत ठेवायची ओळ टाकली. पण बदल लागू व्हायला सगळं एकदा बंद करून चालू करावं लागतं. अर्धा मिनिट. मला वाटलं ती गुपचूप करील. मी असते तर केलं असतं, खोटं कशाला बोलू? चिटणिसांचं डोकं वर्तमानपत्रात होतं.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “चिटणीस साहेब, मी आता स्वतःहून बंद करते आहे. सोमवारची चूक सापडली. माझीच होती. अर्धं मिनिट लागेल.”

चिटणिसांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “मग हे दुसऱ्यांदा धरायचं का?”

“ते तुम्ही ठरवा. मी फक्त नोंद करते.” आणि तिने खरोखर कागद पुढे केला. ‘बंद, तीन वाजून एक्केचाळीस. चालू,’ पुढे जागा रिकामी. ‘कारण, नकारानंतर कनेक्शन परत केलं नाही.’ खाली तिची सही. शेजारी त्यांच्या सहीची जागा.

तीन वाजून बेचाळीसला पान परत आलं. चिटणिसांनी सही केली नाही. ते उठून काउंटरमागे गेले आणि म्हणाले, “सरका जरा.” मग त्यांनी एका बोटाने टाइप करायला सुरुवात केली. च-९०१. ‘अशी वस्तू नाही.’ च-९०२. ‘अशी वस्तू नाही.’ कारखान्यातला माणूस, एकही आकडा न गाळता. मी मोजत होते, फिटर मोजत होता, पावती टेबलाची कड धरून उभी. अठरा झाले. वीस झाले. एकवीस. बावीसला त्यांनी अक्षर बदललं आणि झ-१ टाकलं.

“झ म्हणजे काय?” फिटरने विचारलं.

“झोपाळा. बघतो, ठेवला आहे का यांनी.”

‘अशी वस्तू नाही.’ तीस नकार पुरे करून त्यांनी च-१४ टाकलं. क्षणात आली. एकसष्टावं घर, पत्ता, नेल्याची तारीख. त्यांनी घरांच्या संख्येवर टिचकी मारली, आणि खाली यादी उलगडत गेली, एकसष्ट, साठ, एकोणसाठ, अठरा वर्षं मागे. ते खाली खाली जात राहिले. आणि मध्येच थांबले.

“हे आमचं घर आहे,” ते म्हणाले. “आईसाठी नेली होती. तेव्हा मी इथे चिटणीस नव्हतो.” मग त्या ओळीवर बोट ठेवून, “डावा पायठेवा सैल होता तिचा.”

“त्याच वर्षी बदलला,” पावती म्हणाली. “परत करताना तुम्हीच लिहून दिलं होतंत.”

शुक्रवारपर्यंत पुन्हा काही बंद पडलं नाही. सभेत डॉक्टरांनी विचारलं, बुधवारचं अर्धं मिनिट मोजायचं का? चिटणिसांनी खिशातून तो कागद काढला. त्यावर आता त्यांची सही होती. म्हणाले, “मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, तुमचं बंद पडलं तर कारण कोण सांगेल? ते म्हणाले, तक्रार नोंदवा, आमची माणसं बघतील. इथे कारण त्याच दिवशी माझ्या हातात आलं, सहीनिशी. माझ्याकडून एकच धरा.” तक्ते राहिले. नवे सहा आकडी क्रमांक कुणाला मिळाले नाहीत. फिटरचा पिवळा डबा वाचला.

चिटणिसांनी मात्र एक अट घातली, आणि ती रास्त आहे, म्हणून मला जास्त राग येतो. हे काम केंद्रात आणखी एका माणसाला यायला हवं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी मंगळवार-गुरुवारी पावतीच्या ओट्याशेजारी बसून त्या मोबाइलवरच्या मास्तरांचं ऐकते. सासूबाई मला वाटाणे सोलायला देतात आणि चुकले की सुनेआधी त्याच सांगतात, “बाई, पासवर्ड फाइलीत उघडा लिहायचा नसतो.” माझ्या शिकवणीच्या हजेरीवर मी सही करते. करावीच लागते.

ह-९ त्या शुक्रवारी परत आली. पावतीने सभेला जायच्या आधी त्या गृहस्थाला फोन केला, आणि फिटरने गादी स्वतः पोहोचवली.

काल एक बाई कमोडची खुर्ची मागायला आली होती. शिल्लक नव्हती. मशीनने ‘नाही’ सांगितलं, कनेक्शन परत ठेवलं, सगळं चोख. पावती उठली आणि त्या बाईबरोबर बोलत बोलत दारापर्यंत गेली. पंख्याखाली रजिस्टरची पानं फडफडत होती. मी टोपण पेनाला लावलं आणि रजिस्टर मिटलं.